सामाईक खर्चाची वाटणी

बालाघाट शहराच्या जवळच भरवेली हे खाणीचे गाव आहे. येथील मँगनीजची खाण जमिनीखाली साडेतीनशे मीटरांहूनही खोल गेलेली असून, भूमिगत मँगनीज खाणींत ती आशिया खंडातील सर्वांत खोल म्हणून ओळखली जाते. तेथून एक टन खनिज वर आले म्हणजे त्यासाठी लागलेली मजुरी, सुरुंगाची दारू, पाणी उपसणाऱ्या पंपाची वीज हा सारा खर्च त्या खाणीच्या नावे लिहावा, याबद्दल कोणाचे दुमत होत नाही. परंतु त्या टनाची किंमत एवढ्याने पुरी होत नाही. त्या खनिजाचा नमुना प्रयोगशाळेत तपासला गेलेला असतो. बिघडलेला पंप वर्कशॉपमध्ये दुरुस्त झालेला असतो. खाणकामगाराच्या आजारी मुलाला दवाखान्यात औषध मिळालेले असते. त्याचे पगारपत्रक दूर कोठेतरी एखाद्या कचेरीत तयार झालेले असते आणि त्या कचेरीचे भाडे, दिवे, शिपाई, मोटारी यांचाही खर्च झालेला असतो. ही सारी कामे एकट्या खाणीसाठी झालेली नसतात. ती सर्वांसाठी म्हणून झालेली असतात. तेव्हा त्यांतला किती भाग भरवेलीच्या टनावर बसवावयाचा आणि किती दुसऱ्या खाणीच्या, हा प्रश्न उभा राहतो.

बालाघाटच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक कंगोरा आहे. 1896 साली मध्य प्रांतात मँगनीजच्या शोधासाठी एक इंग्रजी मंडळ निघाले आणि पुढे त्याचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी झाली. त्या काळी नागपूर, भंडारा आणि बालाघाट हे एकाच प्रांतातले जिल्हे होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात गेले, 1960 साली महाराष्ट्रात आले. बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. भूगर्भातील मँगनीजचा पट्टा मात्र या सरहद्दीला जुमानत नाही. 1962 साली भारत सरकार आणि ती इंग्रजी कंपनी यांच्यात करार होऊन मँगनीज ओर इंडिया लिमिटेड ही नवी कंपनी स्थापन झाली. तिचे 51 टक्के भांडवल केंद्र सरकार आणि ही दोन राज्ये यांच्याकडे, तर उरलेले जुन्या कंपनीकडे होते. 1977 साली तेही सरकारने घेतले. 2010 साली तिचे काही भाग बाजारात विकले गेले आणि त्याच साली तिचे नाव मॉयल लिमिटेड झाले. मुख्य कचेरी नागपूरला. खाणी भंडारा, नागपूर आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांत. म्हणजे कचेरी एका राज्यात आणि तिची सर्वांत मोठी खाण दुसऱ्या राज्यात, अशी ही रचना आहे.

शिवाय या खाणी एकसारख्या नाहीत. भरवेली भूमिगत आणि खोल. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग ही उघडी खाण. तेथे मोठमोठी यंत्रे मुरूम बाजूला सारून खनिज काढतात, आणि तेथील डायऑक्साइड जातीचा माल विजेरीच्या घटांसाठी जातो. उकवा ही घाट चढून गेल्यावर जंगलात लागणारी खाण. तेथे रेल्वेचा रूळ पोहोचलेला नाही. तिरोडीपर्यंत तुमसरकडून रूळ आला, तो मँगनीजसाठीच. एका खाणीला माणसे पुष्कळ लागतात, दुसरीला डिझेल पुष्कळ लागते, तिसरीला ट्रक. अशा भिन्न प्रकृतीच्या भावंडांत एकाच घराचा खर्च वाटावयाचा असतो.

वाटणीचा हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. जुन्या गावगाड्यात सुतार आणि लोहार साऱ्या गावाची कामे करीत आणि सुगीला खळ्यावर प्रत्येक कुणब्याकडून बलुते नेत. एका कुणब्याचा नांगर वर्षातून चारदा सांधावा लागला आणि दुसऱ्याचा एकदाच, तरी त्यांनी घालावयाचे माप कामाच्या मोजदादीवर ठरत नसे. ते रिवाजाने, जमिनीच्या किंवा आउतांच्या मानाने ठरे. ही पद्धत चालली, कारण सुताराचे काम आणि कुणब्याचे खळे ही दोन्ही साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोर होती. सुताराने टाळाटाळ केली तर ती लपत नसे, आणि कुणब्याने माप आखडते घेतले तर तेही लपत नसे. मोठ्या कंपनीत हा उजेड नसतो. वर्कशॉपचा फोरमन आणि खाणीचा मॅनेजर यांच्यामध्ये शंभर मैलांचे अंतर आणि चार खातेवह्या असतात. महिनाअखेर मॅनेजरच्या टेबलावर एक कागद येतो आणि त्यावर 'मुख्य कचेरीचा हिस्सा' अशी एक ओळ असते. ती कोठून आली हे त्याला कोणी सांगत नाही, आणि तीन महिन्यांनंतर तोही विचारीत नाही.

या एका ओळीत काय दडलेले असू शकते, हे एका उदाहरणाने पाहता येईल. पुढील आकडे कोणत्याही कंपनीच्या वहीतले नाहीत; केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, एका कंपनीच्या तीन खाणी आहेत. पहिली खोल भूमिगत: महिन्याला 10,000 टन माल आणि 1,000 माणसे. दुसरी उघडी: 20,000 टन आणि अवघी 400 माणसे. तिसरी डोंगरातली भूमिगत: 10,000 टन आणि 600 माणसे. वर्कशॉप, दवाखाना, प्रयोगशाळा, भांडार आणि मुख्य कचेरी मिळून सामाईक खर्च महिन्याला 40 लाख रुपये.

हिशेबनिसाने ही रक्कम टनांवर वाटली तर प्रत्येक टनावर 100 रुपये पडतात. पहिल्या खाणीवर 10 लाख, दुसरीवर 20 लाख, तिसरीवर 10 लाख. दुसऱ्या हिशेबनिसाने तीच रक्कम माणसांवर वाटली, तर माणशी 2,000 रुपये होतात. आता पहिल्या खाणीवर 20 लाख, दुसरीवर 8 लाख आणि तिसरीवर 12 लाख येतात. एक पैसा कमी झाला नाही, एक पैसा वाढला नाही. पण पहिल्या खाणीच्या टनावरचा वरकड खर्च 100 रुपयांचा 200 रुपये झाला, आणि उघड्या खाणीचा 100 रुपयांचा 40 रुपये.

तिसऱ्या खाणीकडे जरा बारकाईने पाहावे. तिचा स्वतःचा सर्व खर्च वजा जाता टनामागे 110 रुपये उरतात असे धरू. टनाच्या वाटणीत ती टनामागे 10 रुपये नफ्यात आहे. माणसांच्या वाटणीत टनामागे 10 रुपये तोट्यात. म्हणजे ती महिन्याला लाख रुपये मिळविते की लाख रुपये बुडविते, हे डोंगरात ठरलेले नाही. ते कचेरीतल्या एका भाजकावर ठरले आहे. संचालकांच्या सभेत दुसरा कागद गेला, तर कोणीतरी म्हणणार की ही खाण बंद करावी. ती बंद झाली की काय होईल? तिच्याकडून सामाईक खर्चासाठी येणारे 11 लाख रुपये थांबतील. सामाईक खर्च मात्र 12 लाखांनी कमी होणार नाही. औषधे थोडी कमी लागतील, नमुने कमी तपासावे लागतील, एखाददुसरा कारकून कमी होईल. फार तर 5 लाख वाचतील. कंपनीला महिन्याला 6 लाखांचा खड्डा पडेल. शिवाय उरलेले 35 लाख आता 1,400 माणसांवर वाटावयाचे. माणशी 2,500 रुपये. पहिल्या खाणीने एकही जास्त पंप दुरुस्तीस पाठविलेला नसताना तिच्यावरचा बोजा 20 लाखांवरून 25 लाखांवर जाईल. पुढच्या सभेत तोट्यातली खाण म्हणून तिचे नाव निघाले तर आश्चर्य वाटू नये.

येथे एक शंका रास्त आहे. खर्च शेवटी एकाच कंपनीचा. मग तो या खाणीवर लिहिला काय आणि त्या खाणीवर लिहिला काय, बिघडले कोठे? कराच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही, कारण प्राप्तिकर भरणारी कंपनी एकच असते. राज्याच्या दृष्टीनेही नाही. मँगनीजवरचे स्वामित्वधन खनिजाच्या विक्रीच्या सरासरी किमतीवर आकारले जाते, खाणीच्या नफ्यावर नव्हे. आणि 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानला मिळणारी रक्कमही त्या स्वामित्वधनाच्या प्रमाणातच ठरते. बालाघाट जिल्ह्याला मिळावयाचे ते नागपूरच्या कचेरीने वरकड खर्च कसाही वाटला तरी तितकेच मिळेल. बिघडते ते निर्णयांच्या जागी. नवा शाफ्ट कोठे खणावा, कोणत्या खाणीत यंत्रे आणावीत, कोणत्या मालाची किंमत किती खाली उतरवता येईल, कोणता मॅनेजर कर्तबगार, आणि कोणत्या गावाची खाण मिटवावी, हे सारे त्या टनामागच्या आकड्याकडे पाहून ठरते. खाणीच्या गावात शाळा, बाजार, शिंप्याचे दुकान, ट्रकवाल्याचे कर्ज, सारे एका शाफ्टला बांधलेले असते. तेथल्या माणसांना 'भाजक' हा शब्द कधी ऐकू येत नाही. त्याचा परिणाम तेवढा त्यांच्या दारी येतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे 40 लाखांची ती एकच घागर फोडणे. सामाईक खर्च हा एक खर्च नसून दहा निरनिराळ्या कामांचा खर्च आहे आणि प्रत्येक कामाला त्याचे त्याचे माप आहे. वर्कशॉपचे माप म्हणजे कामाचे तास. प्रत्येक दुरुस्तीला एक जॉबकार्ड असावे आणि त्यावर खाणीचा क्रमांक, कारागिराचे तास व लागलेले सुटे भाग यांची नोंद त्याच दिवशी व्हावी. ट्रकचे माप लॉगबुकातले किलोमीटर आणि वाहिलेले टन. प्रयोगशाळेचे माप तपासलेले नमुने. विजेचे माप मीटर. आणि जेथे मीटर नाही तेथे अंदाज बांधीत बसण्यापेक्षा मीटर बसवावा, तो एका वर्षाच्या वादापेक्षा स्वस्त पडतो. पगारपत्रकाचे माप माणसे.

भांडाराच्या बाबतीत एक चूक फार ठिकाणी होते. मालाच्या किमतीच्या प्रमाणात भांडाराचा खर्च वाटला जातो. पण पाच लाखांची एक मोटर देताना भांडारपालाला एकच चिठ्ठी फाडावी लागते, आणि पाच रुपयांचे नटबोल्ट शंभर वेळा देताना शंभर चिठ्ठ्या. त्याचे श्रम चिठ्ठ्यांच्या संख्येने वाढतात, रुपयांनी नव्हे. जी खाण महिन्याचा माल एकदाच मागविते तिला त्याचा लाभ दिसला, तर दुसरी खाणही इंडेंट एकत्र करू लागते. मोजणीचा खरा उपयोग असा असतो.

1944 साली स्थापन झालेल्या आणि 1959 च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळालेल्या परिव्यय लेखापालांच्या संस्थेने या विषयावर मानके प्रसिद्ध केली आहेत. त्यांतले तेरावे मानक सेवा पुरविणाऱ्या विभागांच्या खर्चासंबंधीच आहे. त्यातील तत्त्व सरळ आहे. सेवा कोणी किती वापरली हे परवडेल अशा रीतीने मोजता येत असेल, तर त्या वापराप्रमाणेच खर्च लावावा. ते शक्य नसेल तेथे कार्यकारणसंबंध पाहावा, किंवा लाभ कोणाला किती झाला ते पाहावे. आग, संप, अपघात यांसारख्या असाधारण कारणाने झालेला खर्च सेवेच्या दरात मिसळू नये.

कागदावर हे सोपे दिसते. पण सेवा देणारे विभाग एकमेकांनाही सेवा देतात. वीजघराचा पट्टा वर्कशॉप दुरुस्त करते, वर्कशॉपला वीज वीजघर पुरविते, आणि दवाखाना दोघांच्याही माणसांना औषध देतो. कोणाचा खर्च आधी वाटावा? समीकरणे मांडून याचे चोख उत्तर काढता येते आणि आज संगणकाला त्यास क्षणही लागत नाही. तरीही जेथे ही देवघेव थोडी असते तेथे इतकी सूक्ष्मता म्हणजे मुंगीला तोफ आहे. त्याउलट काही देवघेवी मोठ्या असूनही नजरेतून निसटतात. मॉयलने देवास जिल्ह्यातील टेकड्यांवर पवनचक्क्या उभारल्या आहेत. अशी स्वतःची वीज एखाद्या कंपनीने खाणींत वापरली, तर तिचा लाभ कोणत्या खाणीला द्यावयाचा? ज्या खाणीची मागणी अधिक तिला, की सर्वांना सारख्या दराने? उत्तर कोणतेही असो, ते वर्ष सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवलेले असावे. वर्ष संपल्यावर निवडलेला नियम कोणाच्या तरी सोयीचाच निघतो.

दराच्या बाबतीतही हेच आहे. वर्कशॉपच्या तासाचा दर महिनाअखेर एकूण खर्चाला एकूण तासांनी भागून काढला, तर त्यात दोन अन्याय शिरतात. वर्कशॉपने उधळपट्टी केली तरी तिचे बिल खाणी भरतात. आणि एका खाणीने दुरुस्त्या कमी केल्या की दर चढतो व भुर्दंड दुसऱ्या खाणीला बसतो. म्हणून दर वर्षारंभी ठरवावा, आणि खाणीकडून त्याच दराने आकारणी व्हावी. प्रत्यक्ष खर्च अधिक झाला तर फरक वर्कशॉपच्याच नावे राहावा; त्याचे उत्तर फोरमनने द्यावे. तसेच ज्या खाणीच्या मागणीमुळे मोठी क्रेन घेतली गेली, तिने ती वापरो वा न वापरो, तिच्या स्थिर खर्चाचा ठरलेला हिस्सा उचलावा. रिकाम्या राहिलेल्या यंत्राचा खर्च मात्र वेगळा दाखवावा. तो वाटून टाकला की ते यंत्र रिकामे आहे हेच कोणाला कळत नाही.

तथापि प्रत्येक सेवेला दरपत्रक लावणे शहाणपणाचे नाही. ज्या मॅनेजरला प्रत्येक नमुन्यामागे पैसे पडतात तो नमुने कमी पाठवील. तेथे हानी फार तर मालाच्या प्रतीची होईल. पण छताच्या पाहणीचे, हवेतील धूळ मोजण्याचे, कामगारांच्या वैद्यकीय तपासणीचे पैसे नगाप्रमाणे पडू लागले तर? मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास मज्जासंस्थेला अपाय होतो, ही गोष्ट वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. असा खर्च खाणीच्या महिन्याच्या पत्रकात वापराप्रमाणे मुळीच येऊ नये. तो वर्षाचा ठरावीक आकडा म्हणून यावा, म्हणजे एक पाहणी टाळून मॅनेजरचा एक रुपयाही वाचणार नाही. हिशेबाची अचूकता येथे थोडी सोडली तरी चालेल.

आता महिन्याच्या पत्रकाविषयी. पुष्कळ कंपन्यांत ते इतके मोठे असते की ते वाचणे हे स्वतंत्र काम होते. खाणीच्या मॅनेजरला तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: खाणीचा स्वतःचा खर्च, तिने मागवून घेतलेल्या सेवांचा खर्च, तास, नमुने, किलोमीटर अशा मापांसह, आणि या दोहोंच्या खाली रेघ मारून, मुख्य कचेरीचा हिस्सा. ही रेघ महत्त्वाची आहे. रेघेच्या वरचे आकडे मॅनेजर बदलू शकतो, खालचा आकडा बदलू शकत नाही. तेव्हा त्याची परीक्षा वरच्या आकड्यांवर व्हावी. अध्यक्षांच्या कचेरीचा, लेखापरीक्षणाचा, भागधारकांच्या सभेचा खर्च भरवेलीने किती वापरला आणि उकव्याने किती, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तरच नाही. तो टनांवर वाटा, माणसांवर वाटा किंवा विक्रीच्या रुपयांवर वाटा; प्रत्येक वेळी निराळे आणि प्रत्येक वेळी सारखेच लटके उत्तर येईल. किंमत ठरविताना आणि कायद्याने मागितलेल्या परिव्यय पत्रकांत तो कोठेतरी बसवावा लागतो, हे खरे. पण खाण चालू ठेवावी की नाही याचा विचार करताना प्रश्न एकच: ही खाण रेघेच्या वर किती उरविते, आणि ती मिटली तर रेघेच्या खालून खरोखर किती कमी होईल?

हे पत्रक वेळेवर जाणेही तितकेच आवश्यक आहे. मार्चचा आकडा जूनमध्ये आला तर तो इतिहास होतो. मार्चमध्ये पंप का चार वेळा बिघडला, हे जूनमध्ये कोणाला आठवणार? एखाद-दुसरा आकडा अंदाजी असला तरी चालेल, त्यावर तशी खूण करावी. पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पत्रक खाणीवर असावे. आणि ते जसे खाणीला जाते तसेच वर्कशॉपला, प्रयोगशाळेला आणि दवाखान्यालाही जावे. ज्याच्या सेवेचा खर्च आहे त्यालाच तो ठाऊक नसणे ही विसंगती सर्रास आढळते.

या साऱ्या यंत्रणेचा पाया अखेर एका लहानशा चौकटीवर उभा असतो: जॉबकार्डाच्या कोपऱ्यातली, खाणीचा क्रमांक लिहिण्याची चौकट. कारागिराचे हात ग्रीसने माखलेले असतात, पाळी संपत आलेली असते, क्रमांक आठवत नाही. मग टाइमकीपर कार्ड 'सर्वसाधारण' या खात्यात टाकून मोकळा होतो. पहिल्या महिन्यात त्या खात्यात निम्मे तास सापडले तरी कोणाला दटावण्यात अर्थ नाही. लेखापालाने कचेरीतून उठून वर्कशॉपमध्ये जावे, फळ्यावर खाणींचे क्रमांक ठळक रंगवून घ्यावेत, दुरुस्तीस येणाऱ्या प्रत्येक यंत्राला खाणीवरच पत्र्याचा बिल्ला बांधून पाठविण्याची व्यवस्था करावी, आणि 'सर्वसाधारण' खात्यात या महिन्यात किती तास गेले तो आकडा दर महिन्याच्या पत्रकात सर्वांत वर छापावा.